हरभरा सोंगणीला आला अन् बुधवारी ऑरेंज अलर्ट : या आठवड्यातलं विदर्भाचं आभाळ

धुऱ्यावरून, आर्वी तालुका, वर्धा
सोमवार, रात्री ८.१०

राम राम मंडळी.

सहा एकर हरभरा उभा आहे. पानं गळली, घाटे पिवळे झाले, झाड हलवलं की दाणा खुळखुळतो. सोंगणीला उद्यापासून नऊ बाया यायला तयार आहेत. अन् आज दुपारी नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा अंदाज पाहिला, तर वर्धा जिल्ह्याला मंगळवारी यलो, बुधवारी ऑरेंज, गुरुवारी पुन्हा यलो. विजांसह पाऊस, ताशी ५० ते ६० किलोमीटर वारा, तुरळक ठिकाणी गारपीट. शुक्रवारपासून कोरडं.

२०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट ज्यांनी पाहिली त्यांना वेगळं सांगायला नको. त्या वर्षी आमचा हरभरा सोंगून वावरात पसरलेला होता. आभाळ हलायचं नावच घेईना. दाणा घाट्यातच काळा पडला, काही घाट्यांना मोड आले. वडील रोज सकाळी जाऊन एकेक ढीग उलटवायचे अन् दुपारी परत पाणी यायचा. तेव्हापासून सोंगलेल्या मालावर पाणी म्हटलं की पोटात गोळा येतो.

पण उभा ठेवला अन् गारा आल्या तर? वाळलेला घाटा एका गारेनं फुटतो.

तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं? आणि एक विनंती. हे आभाळ मावळतीकडून उगवतीकडे सरकतं. खामगाव-अकोल्याकडच्यांनी तिथं काय झालं ते वेळेसह इथं लिहावं, म्हणजे पुढच्यांना दोन-चार तास हाती लागतील.

काळी माती, खामगाव, बुलडाणा
सोमवार, रात्री ८.३५

लिहितो भाऊ. सध्या चांदण्या दिसतात, पण संध्याकाळपासून वारा फिरला. आठवडाभर वरून, म्हणजे वायव्येकडून कोरडा येत होता. आज उगवतीकडून यायला लागला आणि अंगाला चिकट वाटतं.

वहीवाले गुरुजी, दारव्हा, यवतमाळ
सोमवार, रात्री ९.२०

खामगावच्या भाऊंनी जे लिहिलं तेच या सगळ्याचं मूळ आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

भूमध्य समुद्राच्या बाजूनं कमी दाबाच्या प्रणाली वरच्या पश्चिमी वाऱ्यांसोबत इराण-अफगाणिस्तान ओलांडून काश्मीर-हिमाचलाकडे येतात. त्यांना पश्चिमी विक्षोभ किंवा पश्चिमी चक्रावात म्हणतात. हिवाळ्यात दर महिन्याला असे चार-पाच येतात. बहुतेक वेळा ते डोंगरात बर्फ टाकून पुढे जातात, आपल्याकडे फक्त थंडी कमी-जास्त होते. पण एखाद्याचा पट्टा खाली मध्य भारतापर्यंत उतरला आणि त्याच वेळी बंगालच्या उपसागरावरून दमट वारा आत आला, तर या दोघांची गाठ आपल्या डोक्यावर पडते. खाली दमट आणि उबदार हवा, वर कोरडी आणि थंड. दुपारचं ऊन लागलं की खालची हवा जोरात वर चढते आणि तासाभरात काळा ढग उभा राहतो. हवामान खात्याच्या पत्रकात ‘विदर्भापासून दक्षिणेकडे वाऱ्याची खंडितता’ असं अनेकदा येतं. वेगवेगळ्या दिशांचे वारे जिथं समोरासमोर येतात ती ही रेष.

गारा याच दिवसांत का पडतात, जुलैत का नाही, असं मुलं मला शाळेत विचारायची. पावसाळ्यात ढग काही लहान नसतात. पण ज्या उंचीवर तापमान शून्याच्या खाली जातं ती उंची पावसाळ्यात खूप वर असते. गार खाली येईपर्यंत तिचं पाणी होतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये ती रेषा खाली असते, त्यामुळे गार वितळायच्या आत जमिनीवर येऊन आदळते.

आता अलर्ट वाचायचा कसा. मी निवृत्त झाल्यापासून घरी पर्जन्यमापक ठेवला आहे आणि रोज सकाळी साडेआठला मोजून वहीत लिहितो. साडेआठलाच, कारण हवामान खात्याचा दिवस सकाळी ८.३० ला सुरू होऊन दुसऱ्या दिवशी सकाळी ८.३० ला संपतो. म्हणजे ‘बुधवारचा ऑरेंज’ हा गुरुवारच्या सकाळपर्यंतचा ऑरेंज आहे. बुधवारी संध्याकाळी काही आलं नाही म्हणून लोक ताडपत्र्या काढतात आणि रात्री दोनला फसतात. माझ्या वहीत अशा नोंदी आहेत.

दुसरं, ‘तुरळक ठिकाणी’ याला मोजमाप आहे. त्या भागातल्या जितक्या केंद्रांवर पाऊस मोजतात, त्यांच्यापैकी चौथा हिस्सा किंवा त्याहून कमी ठिकाणी. ‘काही ठिकाणी’ म्हणजे निम्म्यापर्यंत, ‘अनेक ठिकाणी’ म्हणजे पाऊण हिश्श्यापर्यंत. तर तुरळक गारपीट म्हणजे बारीक गारपीट नव्हे. थोड्याच गावांत पडेल, पण जिथं पडेल तिथं ती कशीही असू शकते.

रंगांचंही तसंच. यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत रहा, रेड म्हणजे आता हालचाल करा. रंग पावसाचे मिलिमीटर सांगत नाही. धोका किती आणि तो घडण्याची शक्यता किती, हे दोन्ही मिळून रंग ठरतो.

पावसाचं आधी सांगता येतं, पण कोणत्या शिवारात गार पडेल हे दोन दिवस आधी कुणालाच सांगता येत नाही. त्यासाठी त्या दिवशी नागपूरच्या डॉप्लर रडारचं चित्र आणि पुढच्या तीन तासांपुरता येणारा तात्काळ अंदाज पाहायचा.

खारपाणपट्टा, दर्यापूर, अमरावती
सोमवार, रात्री ९.५५

गुरुजी, लय कामाचं सांगतलं तुम्ही.

धुऱ्यावरून भाऊ, आमच्या इकडं सगळा हरभराच. पूर्णेच्या खारपट्ट्यात विहिरीचं पाणी खारं, म्हणून ओलीवर येणारा हरभरा हेच आमचं रब्बीचं पीक. म्हणून अनुभवाचं सांगतो. सहाच्या सहा एकर सोंगू नका. सगळा उभाही ठेवू नका. नऊ बाया उद्या एका दिवसात जेवढं सोंगतील अन् संध्याकाळच्या आत जेवढी गंजी, म्हणजे रचून झाकलेला ढीग, लागंल तेवढंच सोंगा. वावरात पसरलेला एक ढीगही रात्री राहू देऊ नका.

उभं पीक हलकं पाणी सोसते. वारं लागलं की दोन दिवसांत झाड वाळते. सोंगून भुईवर पडलेल्या मालाले खालून ओल, वरून पाणी, तो सुकतच नाही. फक्त गारेपुढं उभ्या पिकाचं काही चालत नाही, अन् गार कुठं पडंल ते गुरुजी म्हणतात तसं नशिबाचं आहे.

गंजी धुऱ्याच्या उंचवट्यावर लावजा. खाली पऱ्हाट्यांचा थर द्या, त्याच्यावर माल, शेंडे आतल्या बाजूले. ताडपत्रीच्या कोपऱ्याले दगड ठेवून भागत नाही, ६० च्या वाऱ्यात दगडासकट जाते. दोर आडवा-उभा टाकून खुंट्याले बांधजा. अन् सोंगणी सकाळच्या दवात सुरू करजा, उन्हं चढली की घाटे झडतात.

संत्र्याची बाग, वरुड, अमरावती
सोमवार, रात्री १०.१५

आमच्याकडे मृगाचा बहार झाडावर आहे, अर्धा तोडायचा बाकी. आणि आंबियाची फुलं गळून बारीक गुंडी धरायला लागली आहे. एकाच झाडावर या वर्षाचा आणि पुढच्या वर्षाचा पैसा, तोही या तीन दिवसांत. व्यापाऱ्याला फोन केला, तो म्हणतो शुक्रवारनंतर गाडी पाठवतो. मी म्हटलं, उद्या पाठवत असाल तर चार पैसे कमी घेते. गार लागलेल्या संत्र्याला डाग पडतो आणि तिथूनच ते सडतं, मग कुणी विचारत नाही.

गुरुजी, उद्या बागेत बुरशीनाशकाची फवारणी ठरली होती. करू का?

वहीवाले गुरुजी
सोमवार, रात्री १०.२५

थांबा ताई. पाण्यानं धुऊन जाईल, औषध आणि मजुरी दोन्ही वाया. गारा पडल्याच तर त्यानंतर फांद्यांच्या जखमांसाठी फवारणीची खरी गरज पडेल, तेव्हासाठी सामान राखून ठेवा.

आणि ज्यांचा गहू ओंबीत आहे त्यांनी उद्या-परवा ओलित करू नये. भिजलेल्या जमिनीत मूळ सैल होतं आणि वाऱ्यानं गहू लोळतो. लोळलेला गहू पुन्हा उभा राहत नाही.

धुऱ्यावरून
सोमवार, रात्री १०.४०

ठरलं. उद्या अडीच ते तीन एकर, जेवढी गंजी लागेल तेवढंच. गावातल्या दोघांकडून ताडपत्र्या मागितल्या आहेत.

नवा गडी, समुद्रपूर, वर्धा
मंगळवार, सकाळी ७.३०

व्हॉट्सॲपवर एका अंदाजवाल्याचा आवाज फिरतो आहे. सगळ्या विदर्भात तीन दिवस जोरदार पाणी अन् लिंबाएवढ्या गारा. मोबाईलच्या ॲपमध्ये मात्र आमच्या गावावर उद्या ऊन दाखवते. कोणाचं धरायचं?

वहीवाले गुरुजी
मंगळवार, सकाळी ८.५०

अकराही जिल्ह्यांत एकाच मापाच्या गारा सांगणारा आवाज ऐकून माझा जीव घाबरत नाही, कारण त्यात जिल्हा नाही, वेळ नाही. आणि मोबाईलमधलं सूर्याचं चित्र पाहून मी निर्धास्तही होत नाही. ते संगणकाच्या एका गणितातून आपोआप येतं, आणि पाच-दहा किलोमीटरचा गडगडाटी ढग त्या गणितात बहुतेक वेळा सापडत नाही. जिल्ह्याचा इशारा नागपूर केंद्राकडून घ्या. शेतीचा सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो, मेघदूत ॲपवर जिल्हा निवडला की मराठीत मिळतो. आज मंगळवारच आहे, दुपारनंतर बघा.

काळी माती, खामगाव
मंगळवार, संध्याकाळी ६.०५

५.२० ला वारा सुटला, वीस मिनिटं टिकला. पाणी शिंतोडे. गारा नाहीत. शेगावकडे विजा चमकतात.

खारपाणपट्टा, दर्यापूर
मंगळवार, रात्री ७.५०

इथं ७.१० ले पंधरा मिनिटं पाणी. ओघळ निघाला नाही. गारा नाहीत. आमचं सोंगून झालेलं घरात आहे, बाकी उभं.

धुऱ्यावरून
मंगळवार, रात्री ९.३०

पावणेतीन एकर सोंगून गंजी लागली. बायांनी आज एक तास जास्त काम केलं, कुणी घड्याळ बघितलं नाही. त्यांच्या घरचंही कुठं ना कुठं उभंच आहे, त्यांना काळजी कळते. इथं फक्त गार वारा आला. पाणी नाही.

रानवाट, कुरखेडा, गडचिरोली
मंगळवार, रात्री ९.४५

कालपासून हा धागा नुसता वाचत होते, आज लिहिते. आमच्याकडे थोडा मोह पडायला लागला आहे. पहाटे बायापोरं टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. पाण्यात भिजलेलं फूल काळं पडतं, भाव राहत नाही, म्हणून आभाळ आलं की सगळे घाईनं झाडाखालीच असतात. मला त्याचीच भीती वाटते.

काही वर्षांपूर्वी आमच्या गावची एक बाई आणि तिचा मुलगा पाणी आला म्हणून मोहाखाली थांबले होते. पाणी जोरात नव्हता. एकच वीज पडली. मुलगा वाचला, आई गेली. मी त्या घरी गेले होते. टोपलीतली फुलं तशीच होती.

वीज चमकल्यावर आकडे मोजा. तीस मोजायच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे आणि पुढची तुमच्यावरही पडू शकते. लगेच पक्क्या घरात जा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर निघू नका. घर जवळ नसेल तर झाडापासून दूर, सखल जागी, पाय जुळवून उकिडवं बसा. आडवं होऊ नका, एकमेकांना धरून बसू नका. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेनं दामिनी नावाचं ॲप काढलं आहे. ते आपल्या भोवती २० आणि ४० किलोमीटरमधल्या विजेची सूचना देतं. गावात एका जरी फोनमध्ये असलं तरी हाक मारता येते.

धुऱ्यावरून
मंगळवार, रात्री १०.००

ताई, हे वाचून उद्या दुपारी सोंगणी ठेवणार नाही. सकाळी दहापर्यंत करू, मग सगळ्यांना घरी पाठवीन.

काळी माती, खामगाव
बुधवार, दुपारी ४.१५

आज वेगळं आहे. ३.३० ला पश्चिमेकडून निळसर काळी भिंत आली, पुढं धुळीचा लोट. ३.५० ला गारा, बोराएवढ्या, सात-आठ मिनिटं. आमच्या गावात कांद्याची पात झोपली. दोन कोसांवरच्या गावात एक गार नाही, नुसता पाणी.

संत्र्याची बाग, वरुड
बुधवार, सायंकाळी ६.४०

इथं पाणी सुरू झाला. गारा नाहीत अजून. काल रात्री गाडी आली होती, मृगाचा उरलेला माल निम्मा गेला.

खारपाणपट्टा, दर्यापूर
बुधवार, सायंकाळी ७.१५

६.३० ले जोराचं वारं. शेजाऱ्याच्या कोठ्यावरची टिनं उडाली, ढोरं अगोदरच सोडली होती म्हणून वाचली. पाणी बरा झाला. गारा चार-दोन.

धुऱ्यावरून
बुधवार, रात्री ९.०५

आमच्याकडे साडेसातला नुसता गडगडाट होऊन उत्तरेकडून निघून गेला. आता वर चांदण्या आहेत. गंजीत हात घालून पाहिला तर आत गरम लागतं. काल सोंगलेल्यात थोडी हिरवी झाडं होती. ताडपत्री काढून रात्रभर वारा लागू देऊ का?

वहीवाले गुरुजी
बुधवार, रात्री ९.१२

काढू नका. ऑरेंज उद्या सकाळी साडेआठपर्यंत आहे. एक ढग तासभर जगतो आणि विरतो. खामगावला दुपारी जो होता तो तुमच्याकडे आलेलाच नाही. त्याच्या पुढच्या थंड वाऱ्यानं दुसरे ढग उभे राहतात, त्यांच्यापुढे तिसरे. वाऱ्याची रेष जोवर आपल्यावर आहे तोवर हे चालतं. रडारवर आत्ता कारंजा लाडच्या पश्चिमेला नवी रांग दिसते.

खालच्या बाजूनं वीतभर ताडपत्री उचलून बांधा, वाफ बाहेर जाईल. वरचं झाकलेलं राहू द्या.

धुऱ्यावरून
बुधवार, रात्री ९.२०

बरं गुरुजी. जातो.

धुऱ्यावरून
गुरुवार, पहाटे ३.१०

१.४० ला आला. आधी पाच मिनिटं पूर्ण शांत, पानही हलेना, मग एकदम वारा. पाऊण तास पाणी, मध्ये तीन-चार मिनिटं गारा, वाटाण्याएवढ्या. टिनावर आवाज असा की घरातलं बोलणं ऐकू येईना. लाईट गेली. सकाळ होईपर्यंत वावरात जायचं नाही असं बायकोनं बजावलं आहे, विजा अजून आहेत.

खारपाणपट्टा
गुरुवार, पहाटे ५.३०

भाऊ, सकाळी गेल्यावर आधी गंजी पाहजा. अन् फोटो काढजा.

वैनगंगेकाठी, साकोली, भंडारा
गुरुवार, सकाळी ७.४०

रात्री जागून तुमचं वाचत होतो. आमच्याकडे ५.१५ ला पोचला. उन्हाळी धानाला हा पाणी चालतो. पण बांधातली लाखोळी अन् जवस उपटून ठेवलं होतं, तुमचं ३ वाजताचं वाचून दोघं भाऊ कंदील घेऊन गेलो आणि उचलून घरात आणलं. दोन तास मिळाले आम्हाला.

वहीवाले गुरुजी
गुरुवार, सकाळी ८.३५

दारव्हा, २४ तासांत १९ मिलिमीटर. गारा नाहीत. वारा अजून उगवतीचाच, म्हणून आज संध्याकाळपर्यंत सावध रहा. वारा वायव्येकडे वळला आणि हवा कोरडी लागली की प्रणाली पुढे गेली असं समजा.

धुऱ्यावरून
गुरुवार, सकाळी १०.५०

वावरातून आलो. गंजी कोरडी आहे. एक कोपरा हातभर भिजला, तो माल वेगळा काढून पसरला.

उरलेल्या उभ्या हरभऱ्यात धुऱ्याकडच्या पट्ट्यात घाटे फुटून दाणे खाली पडले आहेत. खाली वाकून एका हाताच्या जागेत मोजले, तीस-पस्तीस दाणे. दुसऱ्या टोकाला काहीच नाही. साधारण एक एकराला मार बसला. उरलेलं झाड उभं आहे, ऊन पडलं तर हाती येईल. घरी आल्यावर आईनं विचारलं, किती गेलं, तर मला पटकन बोलता आलं नाही.

पंचनाम्याचं कुणी सांगाल का? मागं एकदा अर्ज देऊनही आमचं नाव यादीत आलं नव्हतं, कारण शेवटपर्यंत कळलं नाही.

खारपाणपट्टा
गुरुवार, सकाळी ११.३०

पहिले हे पाहा की ई-पीक पाहणीत या हंगामाचा हरभरा सातबाऱ्यावर चढला आहे की नाही. पीक नोंदलेलं नसलं तर पुढचं सगळं अडते. मग तलाठी अन् कृषी सहायक, दोघायले आजच कळवा, तोंडी नाही, लेखी. फोटोत तारीख अन् ठिकाण आलं पाहिजे. शासनाच्या मदतीले ३३ टक्के किंवा त्याच्यावर नुकसान लागते. विम्याचे निकष बदलत राहतात, म्हणून या हंगामाची पावती काढून तिच्यावर काय लिहिलं ते वाचा अन् कळवायची मुदत असंल तर तास मोजा. मार बसलेला पट्टा पंचनामा होईपर्यंत सोंगू नका.

संत्र्याची बाग, वरुड
गुरुवार, दुपारी १.००

आमच्याकडे रात्री अडीचला गारा झाल्या. आंबियाची गुंडी झाडाखाली सडा पडावा तशी पडली आहे. पूर्वेकडच्या ओळींत फांद्यांची साल फाटली. मोडक्या फांद्या कापून काढते आहे. ऊन पडलं की एक टक्का बोर्डो मिश्रणाची फवारणी, म्हणजे शंभर लिटरला किलोभर मोरचूद आणि किलोभर चुना. निम्मा मृग वेळेत गेला एवढंच हाती आहे.

रानवाट
गुरुवार, दुपारी १.२०

ताई, वाचून वाईट वाटलं. आमच्या गावात आज पहाटे कुणीच मोहाखाली गेलं नाही. फुलं भिजली. माणसं सगळी घरी आहेत.

काळी माती, खामगाव
गुरुवार, सायंकाळी ५.५०

वारा फिरला. वायव्य, कोरडा. आभाळ स्वच्छ.

वहीवाले गुरुजी
शुक्रवार, सकाळी ८.४०

दारव्हा, शून्य. किमान तापमान चार अंशांनी उतरलं. धुऱ्यावरून भाऊ, आता ताडपत्री पूर्ण काढा आणि गंजी मोकळी करा. उन्हात दोन दिवस द्या, दाणा दातानं कट्टकन तुटला की मळणी करा.

धुऱ्यावरून
शुक्रवार, सकाळी ९.३०

काढली. रविवारचं थ्रेशर सांगितलं आहे. तलाठ्यांना अर्ज दिला, पोच घेतली, फोटो लावले. शिल्लक उभा हरभरा आज-उद्या सोंगतो, मार बसलेला पट्टा सोडून.

माझ्याकडे दोन मोठ्या ताडपत्र्या सोमवारपासून मोकळ्या आहेत. आर्वी-पुलगावकडे कुणाचा माल उघड्यावर असेल तर इथं लिहा, मी आणून देतो.